परमुलखातले विद्यार्थी भीमराव

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनावर एखादा लेख असतोच, आणि तो असायलाच हवा. महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिराचा लढा, पुणे करार, भारताचे संविधान, १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा, हे सारे आपल्या घरातल्या लहान पोरालाही तोंडपाठ आहे. जयंतीच्या भाषणात बाबासाहेबांच्या पदव्या आपण मोठ्या अभिमानाने मोजतो. एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. टाळ्या वाजतात, वक्ता पुढे जातो.

पण या पदव्यांच्या मागे बावीस वर्षांचा एक तरुण होता. बोटीतून उतरून तो एका अनोळखी शहरात उभा राहिला, तेव्हा तो कुठे राहिला, काय जेवला, त्याला मित्र कोण भेटला, मोजके पैसे त्याने कसे पुरवले, हे आपण फारसं विचारत नाही. या वेळी आम्ही तेवढंच सांगायचं ठरवलं आहे. त्याचं कारणही सांगतो. आपल्या वस्त्यांमधली मुलंमुली आता शिकायला परगावीच काय, परदेशीही जाऊ लागली आहेत. मुलाची बॅग भरताना आईच्या पोटात गोळा येतो. बाप वरवर हसतो आणि रात्री जागा असतो. पोराचं तिथं कसं होणार, हा प्रश्न घराघरात आहे. हा प्रश्न पूर्वी एका घरात पडला होता, आणि ते घर होते भीमरावांचे.

घरातून निघताना

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करात होते आणि लष्करी शाळेत शिक्षक म्हणूनही त्यांनी काम केले होते. मुलाने शिकावे हा त्यांचा ध्यास. साताऱ्याच्या शाळेत हाच मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत असे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडून द्यायचा, तेव्हा पाणी मिळायचे. शिपाई नसला तर पाणी नाही. मुंबईला आल्यावर संस्कृत शिकायची इच्छा होती, तीही जातीमुळे पुरी झाली नाही आणि फारसी घ्यावी लागली. मॅट्रिक झाल्यावर गुरुवर्य कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. केळुसकर गुरुजींच्याच खटपटीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून भीमराव बी.ए. झाले.

१९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. थोडेच दिवस होतात न होतात तोच वडिलांच्या आजारपणाचा निरोप आला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी गेले. ज्या बापाने पहाटे उठवून अभ्यासाला बसवले, तो बाप मुलाचे पुढचे यश पाहायला राहिला नाही. घरात रमाई होत्या, यशवंत अगदी तान्हा होता, कुटुंब मोठे आणि मिळकत तुटपुंजी. अशा वेळी कोणीही म्हणेल की आता शिक्षण पुरे, नोकरी धर. जनरीत तीच सांगते.

त्याच सुमारास काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी पाठवायचे महाराजांच्या मनात होते. भीमरावांनी अर्ज केला आणि निवड झाली. ४ जून १९१३ रोजी बडोदे सरकारशी करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी. वडील जाऊन जेमतेम चार महिने झाले होते. अशा स्थितीत रमाईंनी त्यांना निरोप दिला. परदेशी जाणाऱ्याचे धाडस सगळ्यांना दिसते. मागे राहणाऱ्याचे धाडस दिसत नाही, म्हणून ते इथे आधी लिहून ठेवतो.

न्यूयॉर्कचे पहिले दिवस

जुलै १९१३ च्या उत्तरार्धात भीमराव न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठ शहराच्या उत्तर भागात, मॉर्निंगसाइड हाइट्सवर. मुंबईच्या परळच्या चाळीत एका खोलीत अख्खा संसार आणि तिथेच अभ्यास केलेल्या मुलाला या नव्या जगात सुरुवातीला काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. चाळीत वाढलेल्या कोणालाही ती करता येईल.

पहिल्यांदा ते हार्टली हॉल नावाच्या विद्यापीठाच्या वसतिगृहात उतरले. तिथे जेमतेम आठवडाभर राहिले. तिथलं जेवण त्यांना मानवेना. आता पाहा, ही किती साधी गोष्ट आहे! एवढा मोठा माणूस, पण परक्या देशात गेल्यावर पहिली अडचण आली ती जेवणाचीच. आपल्या मुलानं परदेशातून फोन करून इथलं जेवण जात नाही असं सांगितलं तर त्याला नाजूक म्हणू नये. बाबासाहेबांनाही जागा बदलावी लागली होती.

मग ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहायला गेले. हा क्लब पश्चिम ११४ व्या रस्त्यावर होता आणि तिथे काही हिंदी विद्यार्थी राहत असत. आपल्याकडचे चार चेहरे दिसले, ओळखीचे शब्द कानावर पडले, की माणसाचा जीव थोडा थाऱ्यावर येतो. त्यानंतर ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात आले आणि तिथे स्थिरावले. म्हणजे तिसऱ्या जागी त्यांचं बस्तान बसलं. पहिली जागा जमली नाही म्हणून ते खचले नाहीत आणि परतीची वाटही धरली नाही. जागा बदलली, माणसे शोधली आणि मूळ काम धरून ठेवले.

लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांच्याबरोबर राहणारा तरुण होता नवल भथेना. हा पारशी. एकाच खोलीत एक पारशी आणि एक महार, आणि दोघांच्या मध्ये ना गोणपाट ना वरून ओतलेले पाणी. ही मैत्री जन्मभर टिकली. नवल भथेना हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

या सुरुवातीच्या काळात भीमरावांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. मुलांच्या आयुष्याला वळण लावणे आई-बापांच्या हातात असते आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवले तर आपली प्रगती लवकर होईल, असा त्या पत्राचा आशय होता. पाहा, तरुण स्वतः अजून धड स्थिरावलेला नाही आणि विचार करतोय तो गावाकडच्या मुलींच्या शाळेचा!

पोटाला चिमटा आणि पुस्तकांचा ढीग

महिन्याला साडेअकरा पौंड म्हणजे चैनीचे पैसे नव्हते. त्यातूनच घरी पैसे पाठवायचे. त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे की एक कप कॉफी, दोन मफिन आणि माशाची किंवा मटणाची एखादी प्लेट एवढ्यावर ते जेवण भागवत. मात्र पैसे उरले की पावले वळत ती जुन्या पुस्तकांच्या दुकानांकडे. न्यूयॉर्कच्या वास्तव्यात त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. पोटाला चिमटा घेऊन पुस्तके घेणारा विद्यार्थी म्हणजे काय, ते आपल्यातल्या पुष्कळ जुन्या माणसांना वेगळं सांगायला नको.

कोलंबियात त्यांना एक गोष्ट मिळाली, जी मुंबईत मिळाली नव्हती. आपल्या आवडीचा विषय आपण निवडायचा! मुंबईत संस्कृतचा दरवाजा बंद होता. इथे सगळे दरवाजे उघडे. त्यांनी अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम घेतले. शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र होतेच. प्राथमिक फ्रेंच आणि जर्मनसुद्धा सोडले नाही. वर्षानुवर्षे उपाशी ठेवलेला माणूस पंगतीला बसावा तसे ते विद्येच्या पंगतीला बसले. ग्रंथालय उघडायला हजर आणि बंद होईपर्यंत आत.

शिक्षकही तोलामोलाचे लाभले. अर्थशास्त्राला एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानाला जॉन ड्युई, इतिहासाला जेम्स शॉटवेल आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन. हे गुरू त्यांना जात विचारत नव्हते, विषय विचारत होते. १९३० साली, म्हणजे बाबासाहेबांची देशभर कीर्ती झाल्यावर, कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या अंकात त्यांनी नमूद केले की आयुष्यातले आपले सर्वांत चांगले मित्र म्हणजे कोलंबियातले काही वर्गबंधू आणि तिथले हे थोर प्राध्यापक. एका अस्पृश्य मुलाला पहिली मोकळी मैत्री मिळाली ती सातासमुद्रापार, हे वाचून आनंद होतो आणि मान खालीही जाते.

त्या वर्षांत लाला लजपतराय न्यूयॉर्कमध्ये होते आणि हिंदी विद्यार्थ्यांना राजकीय चळवळीत ओढत होते. भीमरावांचीही त्यांच्याशी भेट झाली. परंतु ते चळवळीत शिरले नाहीत. ज्या कामासाठी आलो आणि ज्यासाठी महाराजांना शब्द दिला, ते आधी पुरे करायचे, ही त्यांची भूमिका होती. त्यांना देशाची कळकळ नव्हती असे याचा अर्थ काढणाऱ्याने त्यांचे पुढचे आयुष्य पाहावे.

जून १९१५ मध्ये प्राचीन भारतातील व्यापार या विषयावरच्या प्रबंधासाठी त्यांना एम.ए. मिळाली. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींची उत्पत्ती आणि वाढ यांवर निबंध वाचला. जात म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नव्हते अशा माणसांपुढे, जात अंगावर सोसलेला पंचवीस वर्षांचा तरुण शास्त्रीय भाषेत तिची चिरफाड करत होता. स्वजातीतच लग्न करण्याच्या बंधनात जातीचे मूळ आहे, हे त्यांनी त्या निबंधात दाखवले. साताऱ्याच्या गोणपाटाचा जाब न्यूयॉर्कच्या वर्गात विचारला गेला, असे आम्ही म्हणतो.

लंडन, आणि बुडालेली बोट

न्यूयॉर्कहून ते १९१६ साली लंडनला गेले. ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि नोव्हेंबरात बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव दाखल केले. पुन्हा नवे शहर, पुन्हा नवी खोली. त्यात पहिले महायुद्ध पेटलेले. जेमतेम वर्ष झाले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. बडोद्याहून परत येण्याचा हुकूम आला. अर्धा घास तोंडात असताना ताट ओढून घ्यावे तसे झाले. परंतु त्यांनी एक शहाणपण केले. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने, चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करीन, अशी परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. दार लोटून गेले, पण कडी लागू दिली नाही.

२१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईला पोचले. त्यांचे सामान मात्र दुसऱ्या बोटीवर होते. ती बोट युद्धात पाणतीर लागून बुडाली. त्याबरोबर डॉक्टरेटच्या मूळ प्रबंधाचे हस्तलिखितही समुद्रात गेले. अमेरिकेत जमवलेल्या दोन हजार पुस्तकांतलीही फार थोडीच शेवटी त्यांच्या हाती आली. एखाद्याने कपाळाला हात लावून बसावे असा हा प्रसंग. बाबासाहेबांनी नंतर दुसरा प्रबंध लिहिला. तो १९२५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला, त्याला सेलिग्मन गुरुजींनी प्रस्तावना लिहिली, आणि १९२७ साली कोलंबियाने त्यांना रीतसर पीएच.डी. दिली. बुडालेल्या प्रबंधापासून हातात पदवी पडेपर्यंत दहा वर्षे गेली.

बडोद्यात जागा नाही

आता आम्ही या लेखाच्या मुख्य मुद्द्यावर येतो. करारानुसार सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला निघाले. प्रवासाला पैसे नव्हते. बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून जी रक्कम मिळाली, तिच्यातून त्यांनी खर्च भागवला. परदेशाच्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच आपल्या मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे. बडोदे स्टेशनवर उतरल्यावर ती जाणीव परत आली. आता कुठे जायचं? आपल्याला ठेवून कोण घेणार?

हिंदूंच्या खाणावळीत जागा मिळणार नाही हे उघड होते. एका पारशी धर्मशाळेत ते गेले. रखवालदाराला भाडे हवे होते आणि यांना छप्पर. वहीत पारशी नाव लिहून त्यांनी माडीवरची खोली घेतली. माडीवर दुसरे कोणी नाही, अडगळीने भरलेला मोठा हॉल, अंधार, वटवाघळे आणि एक मिणमिणता कंदील. कोलंबियाचा एम.ए. तिथे रात्री काढत होता. कचेरीतली तऱ्हा वेगळीच. शिपायांनी कागद लांबून टाकावेत, हाताला हात लागू नये म्हणून.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघाले असताना काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून वर आले. धर्मशाळा बाटवली म्हणून त्यांनी शिवीगाळ केली आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याची धमकी दिली. बाबासाहेबांनी ओळखीच्या दोघांकडे आसरा मागितला. एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. मग बडोद्याच्या कामाठी बागेत जाऊन ते एकटेच बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. त्या बागेतल्या झाडाखालच्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला तिथे आपली माणसे जमतात.

इथं थोडं थांबू या. न्यूयॉर्क परके, तिथली भाषा परकी, जेवण परके, थंडी परकी. तरीही थोड्याच काळात त्यांना तिथे खोली मिळाली, मित्र मिळाला, गुरू मिळाले. बडोदे आपल्या देशातले. राजा त्यांच्या शिक्षणाचा आश्रयदाता, खिशात नेमणुकीचा हुकूम. आणि अकरा दिवसांत अंगावर काठ्या! म्हणजे परका देश कोणता आणि आपला कोणता? नकाशावर हे कळत नाही. जिथे माणसाला माणूस म्हणून जागा मिळते तो आपला मुलूख, बाकी सारा परमुलूख.

आणि दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची. धर्मशाळेतून हाकलणारे पारशी होते हे खरे. पण न्यूयॉर्कमध्ये बरोबर राहणारा नवल भथेना पारशीच होता. पुढे १९२० साली बाबासाहेबांना लंडनला परत जायचे होते तेव्हा पाच हजार रुपये उसने देणाराही हाच नवल भथेना. बडोद्याचा अनुभव घेऊनसुद्धा बाबासाहेबांनी ती मैत्री तोडली नाही. एका जमातीच्या काही माणसांनी दार बंद केले म्हणून सगळी जमात वाईट, असा हिशोब त्यांनी केला नाही. आपल्या पोरांना परगावी पाठवताना एवढे जरी सांगितले तरी पुष्कळ झाले. दार बंद करणारे भेटतील, तसा नवल भथेनाही भेटेल. त्याला ओळखायची नजर असू द्या.

पुन्हा लंडन

१९१८ च्या नोव्हेंबरात त्यांना मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी लागली. पगार ४५० रुपये. आता सुखाने राहता आले असते. पण लंडनचे दार लोटलेलेच होते. त्यांनी काटकसर करून पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, भथेनांचे कर्ज होतेच. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा निघाले. घर पुन्हा रमाईंवर.

लंडनमध्ये त्यांचा मुक्काम किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरात होता. घरमालकीण भारी कंजूष आणि कडक. सकाळच्या न्याहारीला पावाचा तुकडा, थोडा मुरंबा, मासळीचा तुकडा आणि एक कप चहा. त्यावर ते ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय गाठत आणि दिवसभर वाचत बसत. दुपारच्या जेवणाला बहुधा फाटाच. संध्याकाळी ग्रंथालय बंद झाले की नुकत्याच केलेल्या टिपणांनी खिसे फुगवून बाहेर पडत. रात्री पुन्हा वाचन. मध्यरात्री भूक असह्य झाली की एका ओळखीच्या हिंदी गृहस्थाने दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दुधाबरोबर खायचे. लंडनच्या थंडीत भाजलेल्या पापडाचा वास त्या खोलीत दरवळला असेल तेव्हा त्यांना परळची चाळ आठवली असेल का? रमाईंची चूल आठवली असेल का? आम्हाला वाटते, आठवली असेल.

त्यांच्या खोलीतल्या सोबत्याला, अस्नोडकरांना, मध्यरात्री जाग आली की हे आपले वाचतच असत. आता झोपा असे त्याने म्हटले, तर जेवायला पैसा नाही आणि झोपायला वेळ नाही, असे त्यांचे सांगणे असे.

१९२१ साली एम.एस्सी. झाली. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी एकदा दुरुस्तीसाठी परत केला. तो नव्याने मांडून त्यांनी १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. ग्रेज इनमधून बॅरिस्टरही झाले. कोलंबियातल्या पहिल्या दिवसापासून मोजले तर हा सारा प्रवास दहा वर्षांचा. त्या काळात आणि पुढे रमाईंनी काय सोसले त्याचा हिशोब कोणत्या पदवीपत्रावर नाही. पाच लेकरांपैकी एकटे यशवंत जगले. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. परदेशी शिकणाऱ्याची खोली दूर असते, पण तिचा पाया घरातच असतो.

खोली मागणारा खोल्या बांधू लागला

बाबासाहेब परत आल्यावर त्यांनी काय केले? २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. आणि या सभेच्या पहिल्या कामांपैकी एक होते ते म्हणजे सोलापूरला ४ जानेवारी १९२५ रोजी विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेले वसतिगृह. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. म्हणजे तळ्याच्या आधी वसतिगृह! बडोद्याला ज्याला एक खोली मिळाली नाही, त्याने परत येऊन मुलांना राहायला खोल्या दिल्या. सोसलेल्या अपमानाचे त्यांनी काय केले, हे यात दिसते. पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या मिलिंद महाविद्यालयाचा आरंभ. नागसेनवनातल्या वसतिगृहांत खेड्यापाड्यांतून ट्रंक घेऊन आलेली किती मुले उभी राहिली, ते आपल्या वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने संविधानाच्या कामगिरीसाठी त्यांना सन्माननीय एलएल.डी. ही पदवी दिली. ती स्वीकारायला बाबासाहेब स्वतः न्यूयॉर्कला गेले. जुलै १९१३ मध्ये जेवण मानवत नाही म्हणून वसतिगृह बदलणारा तो विद्यार्थी एकोणचाळीस वर्षांनी देशाचे संविधान घडवून त्याच आवारात उभा होता. आणि लंडनचे ते किंग हेन्रीज रोडवरचे घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. आज ते स्मारक आहे. जिथे पापड भाजून रात्र काढली, तिथे आता आपले लोक जातात आणि नतमस्तक होतात.

बंधू-भगिनींनो, स्मारकाला नमस्कार करणे सोपे आहे. आम्हाला वाटते की या चरित्राचा खरा धडा दाराशी आहे. आजही शहरात घर भाड्याने मागायला गेलेल्या आपल्या मुलाला आधी आडनाव विचारले जाते. कॉलेजच्या वसतिगृहात एखादं पोर एकटं पडतं आणि मनातली गोष्ट कोणाला सांगत नाही. वेळेवर एक नवल भथेना भेटला असता तर ते सावरलं असतं. म्हणून आपले मूल बाहेर पाठवा, बिनधास्त पाठवा, पण नुसता पैसा पाठवून थांबू नका. त्याला विचारा, कुठे राहतोस, जेवतोस काय, तुझा मित्र कोण? तिथं बाबासाहेबांनाही तिसऱ्या जागी बस्तान बसवावं लागलं, हे त्याला सांगा.

आणि जे आपल्याकडे येतात त्यांचे काय? आपल्या वस्तीत गावाकडून परीक्षेला, कॉलेजला, कामाला मुले येतात. कोणाच्या मावशीकडे, कोणाच्या गाववाल्याकडे, कोणी पोटमाळ्यावर. त्यांच्यासाठी परमुलूख म्हणजे आपलीच गल्ली. विहारात संध्याकाळी त्रिसरण-पंचशील झाल्यावर एखादा अनोळखी मुलगा मागे बसलेला दिसला, तर त्याचं नाव विचारा. गाव विचारा. घरी बोलवून दोन भाकऱ्या वाढा. अभ्यासाला जागा नसेल तर विहाराचा कोपरा आणि दिवा त्याला द्या. मैत्री, म्हणजे मेत्ता, हा शब्द आपण वंदनेत रोज उच्चारतो. भथेनांनी वंदना म्हटली नव्हती, पण मेत्ता आचरली होती.

भीमरावांना न्यूयॉर्कने एक खोली दिली, त्यांनी आपल्याला अख्खा देश मोकळा करून दिला. आपल्या दाराशी उभा असलेला मुलगा उद्या कोण होईल, ते आज कोणालाच ठाऊक नाही. म्हणून दार उघडं ठेवू या.

जय भीम! नमो बुद्धाय!